टाकीतलं नवं बिऱ्हाड

घाणीकडे बघून ज्याचा चेहरा लग्नघरातल्या यजमानासारखा उजळतो असा माणूस अवघ्या त्रिभुवनात एकच झाला, आणि माझ्या नशिबाने तो माझाच सासरा झाला. इतरांनी नाकाला पदर नाहीतर उपरणं लावून लांबून वळसा घालावा अशा जागी आमचे मामा (सासऱ्याला आमच्या बाजूला मामाच म्हणतात) धोतराचा सोगा कमरेला खोचून उकिडवे बसत, आत वाकून बघत आणि गवयाला दाद द्यावी तसं "वा!" म्हणत. कुळगीजवळच्या लाकडाच्या वखारीत एक लहानसा दवाखाना होता, तिथे ते कंपाउंडर. गुंदला त्यांचं घर आणि भातशेती होती. ती धाकट्या भावावर सोपवून ते वखारीने दिलेल्या दोन खोल्यांत सासूबाईंसह राहत. डॉक्टर महिन्यातून एकदा घोड्यावर बसून येई, वहीत सही करी आणि जेवून परत जाई. उरलेले दिवस हिवताप, कुऱ्हाडीचे घाव, विंचू आणि अंगात येणारी भुतं हे सगळं मामांच्या अंगावर. पण त्यांचा जीव काही औषधाच्या बाटल्यांत रमत नसे. तो अडकला होता एका पितळी सूक्ष्मदर्शकात. बेळगावच्या कॅम्पात एका लष्करी डॉक्टरापाशी त्यांनी उमेदीची पाच वर्षं काढली होती. जंतू वाढवायचे कसे, रंगवायचे कसे, ओळखायचे कसे हे सगळं तिथेच शिकले, आणि तो डॉक्टर विलायतेला परतताना ते यंत्र यांच्या हवाली करून गेला. महायुद्ध सुरू व्हायच्या आधीची ही गोष्ट. त्या काळी आमच्या मुलखात जंतू म्हणजे डोळ्यांना दिसणारेच, आणि ते शेणात असतात एवढंच लोकांना ठाऊक.

त्या यंत्राखाली न गेलेली वस्तू पंचक्रोशीत उरली नव्हती. ताक गेलं, काळी नदीचं पाणी गेलं, वखारीच्या हत्तीच्या नखातला मळ गेला. एकदा अणशीचा एक शेतकरी दाढ दुखते म्हणून रान तुडवत आला. मामांनी दाढ काढण्याआधी तिच्यावरचा मळ काडीने खरवडला, काचेवर पसरला, रंगवला आणि त्या माणसालाच यंत्रापुढे बसवलं. "बघ बघ, किती जण हायत!" तो बिचारा डोळा लावून बसला. मग म्हणाला, "कंपौंडर, हे समदं माझ्या तोंडात हाय?" "व्हय की! आणि सगळी सुखात हायत." तो माणूस दाढ तशीच ठेवून उठला, आणि पुढे दोन दिवस अन्नाला शिवला नाही असं कळलं. मामा फार हळहळले. मला वाटलं रोग्यासाठी हळहळले, तर म्हणतात कसे, "दोन दिस उपाशी ठेवलं की हो त्यानं बिचाऱ्यांना!"

माझी आणि त्यांची पहिली भेट झाली ती मी मुलगी बघायला गेलो तेव्हा. मी खानापूरकडचा, शाळामास्तर. चारचौघांसारखी उत्तरं पाठ करून गेलो होतो: शेती किती, भाऊ किती, देव कुठला. मामांनी यातलं काहीच विचारलं नाही. मांडीवर वही घेऊन ते म्हणाले, "हालचाल कशी हाय तुमची?" मला वाटलं प्रकृती विचारतात. मी म्हटलं, "ठीक आहे." "तसं न्हवं. फिरता काय, का एका जागी बसून ऱ्हाता?" मी सांगितलं. मग विचारलं, गोड पचतं का. दूध पचतं का. उन्हाचा त्रास होतो का. एकटं राहायला आवडतं की घोळक्यात. मी प्रत्येक उत्तर दिलं की ते वहीत एक खूण करत. माझे काका शेजारी बसून घाम पुसत होते. लग्नानंतर ती वही माझ्या हाती लागली. एका रकान्यात मी होतो आणि शेजारच्या रकान्यात ताकातला कुठलासा जंतू. दोन बाबतींत तो माझ्याहून सरस ठरला होता. जावई म्हणून माझी निवड का झाली हे मी अजून विचारलेलं नाही.

माझं लग्न झालं त्याच वर्षी वखारीचा नवा साहेब आला आणि त्याने बंगल्यामागे जमिनीत विटांची एक बंद टाकी बांधून घेतली. बंगल्यातल्या शौचकूपातलं सगळं एका बाजूने टाकीत जायचं आणि दुसऱ्या बाजूच्या नळातून बरंचसं निवळलेलं पाणी बाहेर पडायचं. कुळगीच्या लोकांना ते साहेबी खूळ वाटलं. मामांना मात्र त्या टाकीने वेड लावलं. सकाळी दवाखाना उघडण्याआधी ते नळापाशी जाऊन उभे राहत, पाणी ओंजळीत घेत (घेत म्हणजे खरोखर घेत) आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून विचारत, "आत जातंय काय आणि भायेर येतंय काय, बघितलासा न्हवं? मग मदल्या मदी काम कोण करतंय?" लोक म्हणत, "साहेबाची काय तरी युक्ती असंल." मामा मान हलवत. "साहेब तर वरच्या माडीवर झोपलाय. आत कामकरी हायत. बिनपगारी, बिनसुट्टीची. त्यांस्नी बघितल्याशिवाय मला अन्न ग्वाड लागायचं न्हाई." आणि खरंच, तळाचा काळा गाळ त्यांनी लांब दांड्याच्या पळीने काढला आणि घरी आणला.

घरी म्हणजे सासूबाईंच्या राज्यात. त्या काही कुणाच्या यंत्राला भिणाऱ्या नव्हत्या. गाळाची बाटली उंबऱ्याच्या आत आली तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "आणि तुमी कुठल्या दारानं आत येनार?" तेव्हापासून मामांनी मागच्या दारी दोन घागरी गरम पाणी अंगावर घेतल्याशिवाय घरात पाऊल टाकायचं नाही असं ठरलं. पण हळूहळू घरच यंत्राच्या मागे गेलं. काचेच्या नळ्या वाफवायला मोदकपात्र गेलं. जंतूंना खायला मांसाचा कढ लागतो, म्हणून रविवारची कोंबडी शिजली की पहिला रस्सा गाळून जंतूंकडे जाई आणि उरलेल्या फोडी माणसांकडे येत. मुंबईहून मागवलेलं चायना ग्रास सासूबाईंनी खिरीसाठी राखलं होतं; ते वितळवून मामांनी बशांत ओतलं, थिजू दिलं आणि वर गाळाची रेघ ओढली. गाळातल्यांना वारा सोसत नाही असं लक्षात आल्यावर नळीतल्या रश्श्यावर खोबरेल तेलाचा थर आला, आणि सासूबाईंच्या वेणीला तेल उरेना. त्या कडाडल्या, "असलं कायबाय रांधायच्या भांड्यात शिजवतासा, देवाला काय तोंड दाखवू मी?" मामा तेव्हा जरा शहाण्यासारखं वागले. त्यांनी समजावलं, "अगं, ह्ये विरजणावानी हाय. जुन्यातलं थोडं नव्यात घालायचं, म्हंजे जितं ऱ्हातंय. न्हाई घातलं की मेलं. तू दही लावतीस, मी ह्ये लावतो." सासूबाईंना हे पटलं असावं. त्यांनी फक्त मोदकपात्र चतुर्थीला परत पाहिजे, घासून, असं बजावलं.

दिवाळसणाला मी पहिल्यांदा सासरी गेलो. अंगावर नवी शाल, कपाळाला गंध, समोर पाट मांडलेला. मी पाटावर बसणार एवढ्यात मामा परसातून ओरडत आले, "जावईबापू, उठा उठा! जेवण कुठं पळून जातंय काय! ह्यो बघा, ह्यो बघा!" मला त्यांनी दंड धरून यंत्रापुढे नेलं. डोळा लावला तर आधी माझीच पापणी दिसली. मग हळूच एक गुलाबी आभाळ उघडलं आणि त्यात शेकडो जाड काड्या दिसल्या, जांभळ्या. "त्ये सोडा, त्ये साधे हायत, सगळीकडं असतात," मामा माझ्या कानापाशी कुजबुजले, जणू मोठ्याने बोललं तर ते उडून जातील. "त्यांच्या मदी बघा. बारीक, वाकडा, एका टोकाला मणी असल्यावानी. दिसला?" दिसला. बारीक लालसर धागे, किंचित वाकलेले, टोकाला गाठ. त्या जाड्या काड्यांना खेटून ते उभे होते. खरं सांगतो, मला शास्त्रातलं ओ की ठो कळत नाही, पण त्या क्षणी माझ्याही अंगावर काटा आला. कारण मामा म्हणाले, "जगात ह्ये कुनी बघितलं न्हाई, जावईबापू. तुमी दुसरे. पयला मी."

हे ते वाऱ्यावर बोलत नव्हते. त्यांच्यापाशी डॉक्टराने दिलेला एक जाडजूड इंग्रजी ग्रंथ होता, त्यात तोवर सापडलेल्या जंतूंची घराणी दिली होती. नवा जीव सापडला की त्याला प्रश्न विचारायचे: आकार कसा, जांभळा रंग धरतो की सोडतो, वारा सोसतो का, साखर खाऊन आंबवतो का, दूध नासवतो का, हलतो का. प्रत्येक उत्तरासरशी काही घराणी गळतात, आणि शेवटी एक दार उरतं. मामांनी दोन महिने हे केलं होतं. गुळाचं पाणी, उसाचा रस, म्हशीचं दूध, गाईचं दूध, सगळं सगळं त्या गाळातल्या वाकड्याला दाखवून झालं. ग्रंथाचं पान न् पान उलटून झालं. "कुठल्याच घरात बसंना बघा," ते म्हणाले. "जनमभर दुसऱ्यांनी नावं ठेवलेली बघत आलो. रंग लावायचा आणि म्हणायचं, हां, ह्यो अमका. एक तरी असा गावावा की त्येला पयल्यांदा आपण वळखला. मग डोळं मिटलं तरी चालंल." पाटावरचं जेवण निवत होतं. सासूबाई दारात उभ्या होत्या आणि त्या दिवशी त्यांनी कुणालाही हाक मारली नाही.

मामांनी मुंबईच्या एका मोठ्या प्रयोगशाळेला पत्र लिहिलं आणि एक नळी धाडली. महिन्याभराने उत्तर आलं. 'तुमच्या नळीत निदान दोन जाती दिसतात. नव्या जातीची नोंद करायची तर तिचं एकटीचं, निर्भेळ वाण पाठवावं. त्याशिवाय काही करता येणार नाही.' दुसरा कुणी हिरमुसला असता. मामा पत्र घेऊन वखारभर नाचले. "त्यांनी नळी उघडली! डोळा लावला!" हत्तीच्या माहुतालासुद्धा त्यांनी पत्र दाखवलं आणि माहुताने ते हत्तीला दाखवलं. मग सुरू झाला निर्भेळ वाणाचा ध्यास. पद्धत सोपी: बशीत वाकड्याचा एक मोहरीएवढा ठिपका शोधायचा, तापवून गार केलेल्या तारेच्या टोकाने तो एकटा उचलायचा, नव्या रश्श्यात सोडायचा, वर तेल. पहिल्या नळीत तो वाढे. तिच्यातून दुसरीत घातला की जेमतेम वाढे. तिसरीत रश्श्याचं पाणी काचेसारखं स्वच्छ राही. मामांनी रस्सा बदलला, तेल बदललं, चूल बदलली, वार बदलला. दवाखान्यात खोकल्याचं औषध देता देता ते रोग्याला विचारत, "तिसऱ्या पिढीला मरतंय, काय कारण असंल?" रोगी घाबरून घरी जाई आणि मुलानातवंडांकडे बघत बसे. अकरा वेळा त्यांनी वाकड्याला एकटा काढला आणि अकरा वेळा तो तिसऱ्या नळीत मेला. "काळजी न्हाई," ते मला पत्रात लिहीत, "टाकी भरलेली आहे. पुन्हा काढू."

आणि मे महिन्यात टाकीच गेली. मी सुटीत बायकोला आणायला गेलो होतो, त्यामुळे हे माझ्या डोळ्यांदेखत घडलं. साहेबाचा कुणी वरचा साहेब येणार होता. बंगला रंगवला, कुंपण रंगवलं, हत्तीला आंघोळ घातली, आणि मुकादमाने आपल्या हुशारीने टाकी उपसून, खरवडून, आत चुना आणि फिनेल ओतलं. मामा त्या दिवशी सुप्याच्या बाजाराला गेले होते. परत आले तर मुकादम मोठ्या अभिमानाने म्हणाला, "कंपौंडर, येकदम सोच्छ केली बघा! आता वास म्हणून न्हाई!" मामांनी झाकण उघडलं. आत पांढरा चुना. त्यांनी पळी घातली, बाहेर काढली, पुन्हा घातली. मग ते दवाखान्यात गेले आणि एकेक नळी उजेडात धरून बघू लागले. सगळ्या स्वच्छ. सगळ्या मेलेल्या. ते खाटेवर भिंतीकडे तोंड करून निजले. बायको म्हणाली, बाबा जेवा. नाही जेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी एक माणूस पायात कुऱ्हाड लागून आला. मामांनी जखम बांधली, आणि आयुष्यात पहिल्यांदाच पट्टीवरचं रक्त यंत्राखाली न बघता फेकून दिलं. तेव्हा मला भीती वाटली.

सासूबाई दोन दिवस हे बघत होत्या. तिसऱ्या दिवशी त्या गोठ्यामागच्या कोनाड्याकडे गेल्या आणि पदराखाली झाकून लोणच्याची एक जुनी बरणी घेऊन आल्या. मामांच्या खाटेपाशी ती ठेवली. "ह्ये बघा, कायतरी उपेग होतोय काय." मामा उठून बसले. बरणीत वर तेलाचा तवंग, खाली गढूळ, बुडबुडे आलेलं, काळपट पाणी. वास असा की मी दोन पावलं मागे सरलो. मामा दोन पावलं पुढे आले. "ह्ये काय गं?"

"मुंबईचं पत्र आल्यावर तुमी एक नळी दिलासा न्हवं, ही बिघडली, दोन-दोन जाती हायत हिच्यात, टाकून दे म्हणून?"

"मग?"

"टाकली न्हाई. घरात आलेलं विरजण असं मरू देत असत्यात व्हय? शेजारीण विरजण मागायला आली तर दारातनं परत कशी धाडायची, तसं वाटलं. तिसऱ्या दिशी पळीभर काढून नव्या कढात घालत आले. कोंबडी नसंल तवा कुळथाचं कढण. तुमचं काय बिघडलं न्हाई ना?"

मामांनी बरणी उचलून थेट यंत्रापाशी नेली. काचेवर थेंब ठेवला. रंग चढवला. ते डोळा लावून बसले. सासूबाई माझ्याकडे बघत होत्या, मी त्यांच्याकडे. मग मामा इतक्या जोरात ओरडले की बाहेर बैल बुजले. "हाय! हाय की गं! ढीगभर हाय!" वाकडे होते, जाड्या काड्यांना खेटून, दिवाळीत होते तसेच, नव्हे, अधिकच धष्टपुष्ट. पाच महिने बरणीत नांदत होते. मी म्हटलं, "मामा, तुमच्या तारेने मेले आणि यांच्या पळीने जगले, हे कसं?" मी सहज बोललो, पण मामा जागच्या जागी थांबले. तार एकट्याला उचलते. पळी सगळ्यांना उचलते. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "मी येडा! एकटा काढला म्हणूनच मेला! त्यो जाड्या जे काय टाकतोय त्येच ह्यो खातोय. ह्येला शेजार लागतोय! अकरा डाव मी ह्येला घरातनं भायेर काढला आणि म्हटलं, जग!"

पण अंदाज म्हणजे पुरावा नव्हे, एवढं मामा शिकलेले होते. त्यांनी ताजी बशी घेतली. सगळ्या बशीवर वाकडा पातळसा सारवला, आणि मधोमध जाड्याची एकच रेघ ओढली, शेतातून पाऊलवाट जावी तशी. मग ती बशी एका झाकणाखाली ठेवून आत मेणबत्ती पेटवली, ती आतला वारा खाऊन विझली, आणि आम्ही सगळे वाट बघत बसलो. तीन दिवस वखारीत दुसरा विषय नव्हता. ज्या मुकादमाने चुना ओतला होता तो दर तासाला येऊन गुन्हेगारासारखा विचारी, "आलं काय?" चौथ्या दिवशी सकाळी झाकण उघडलं. रेघेच्या दोन्ही अंगांना, अगदी तिला लागून, मोहरीसारखे चमकते ठिपके उगवले होते, ओळीने. रेघेपासून बोटभर दूर बशी कोरी. मामा ती बशी दोन्ही हातांत धरून वखारीत धावले. सुतार आले, गाडीवान आले, माहूत आला, साहेबही पायजम्यात आला. कुणाला काय कळलं देव जाणे, पण सगळे हसत होते. मुकादमाने तर रडून घेतलं.

मग कागद करायचे होते. प्रयोगशाळेने छापील तक्ता पाठवला होता, त्यात सगळी लक्षणं भरायची आणि शेवटी 'सुचवलेलं नाव'. नावावरून आधीच मारामारी. कुळगीचे लोक म्हणत गावाचं नाव द्या. गुंदहून धाकट्या भावाचा निरोप आला की घराणं गुंदचं आहे हे विसरू नये. साहेबाला वाटत होतं टाकी माझी, तेव्हा नावही माझंच. मामा सगळ्यांना "बघू की" म्हणत. माझं अक्षर चांगलं म्हणून तक्ता उतरवून काढायचं काम माझ्याकडे आलं. शेवटच्या रकान्यात त्यांनी स्वतःच्या हाताने आधीच लिहून ठेवलं होतं: बॅसिलस यशोदा. यशोदा हे माझ्या सासूबाईंचं नाव.

पंचाईत पुढेच होती. त्या पिढीत बायकोचं नाव लग्नातल्या उखाण्यात एकदा घ्यायचं, मग जन्मभर नाही. मामांनी शोध लावला खरा, पण त्याचं नाव त्यांना उच्चारता येईना. साहेबाने विचारलं, "काय नाव ठेवलं?" तर मामांनी कागदावर बोट ठेवलं आणि छताकडे बघितलं. माझ्याशी बोलताना ते "आपलं ते" म्हणत. मलाही सासूबाईंचं नाव घेणं शक्य नव्हतं. अशा रीतीने त्या जगावेगळ्या जिवाला नाव मिळालं आणि घरात त्याला हाक मारणारं कुणी उरलं नाही. तक्ता आणि नव्या नळ्या मी स्वतः बैलगाडीने अळणावरच्या स्टेशनापर्यंत नेल्या, दीड दिवस छातीशी धरून, कारण मामांनी बजावलं होतं, "आडव्या करू नगा. पोर झोपलंय असं समजा."

उत्तर श्रावणात आलं. पत्र आलंय ही बातमी पत्राआधी पोचली असावी, कारण दवाखान्याच्या ओसरीवर पाय ठेवायला जागा नव्हती. मी नागपंचमीला बायकोला घेऊन गेलो होतो. मामांनी लिफाफा फाडला, आधी मनात वाचलं, मग एकेक ओळ मराठीत सांगू लागले. नळ्या जिवंत पोचल्या. तुमचं म्हणणं आम्ही पडताळून पाहिलं. हा जीव एकटा वाढत नाही. आमच्या कुठल्याही ग्रंथात याची नोंद नाही. म्हणून या वर्षीच्या अहवालात आम्ही तो नवी जात म्हणून नोंदवत आहोत आणि तुम्ही सुचवलेलं नाव कायम करत आहोत. ते नाव... इथे मामा थांबले. ओसरीवरच्या साठ डोळ्यांनी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. त्यांनी पत्र माझ्यापुढे केलं. "जावईबापू, तुमी वाचा." मी हात मागे घेतला. तेवढ्यात आतल्या दारातून सासूबाईंचा आवाज आला.

"वरीसभर साहेबाची घाण उपसलासा, तवा लाज न्हाई वाटली. आता माझ्या नावाची वाटायली व्हय?"

मामांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. आणि म्हणाले, "यशोदा." हळू म्हणाले, पण शेवटच्या माणसापर्यंत ऐकू गेलं. सासूबाई आत निघून गेल्या. त्या दिवशी आमटीत मीठ नव्हतं आणि आम्ही सगळ्यांनी ती वाहवा करत खाल्ली.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. वखार पुढे दुसरीकडे गेली, टाकी बुजली. सासूबाई इन्फ्लुएंझाच्या साथीत गेल्या. जाताना त्यांनी बरणीचं काय करायचं ते मामांना सांगितलं असणार, कारण मामांनी पुढे तीन वर्षं पळीचा नेम मोडला नाही. मग एका उन्हाळ्यात पाणी स्वच्छ झालं. नव्या कढात घातलं, कुळथात घातलं, काही उगवलं नाही. मामांनी कुणाला दोष दिला नाही. बरणी धुऊन पालथी घातली आणि माझ्या पहिल्याच बोलावण्याला खानापूरला आमच्याकडे राहायला आले. मुंबईला लिहून विचारलं, तर त्यांच्याकडच्या नळ्या युद्धाच्या धामधुमीत कधीच वाळून गेल्या होत्या. म्हणजे तो जीव आता कुठल्या रानात, कुठल्या ओढ्याच्या गाळात असेल तर असेल. माणसाच्या हाती आहेत त्या अहवालातल्या तीन छापील ओळी.

मामांना आता मोतीबिंदूमुळे अक्षर दिसत नाही. संध्याकाळी शाळेतून आल्यावर मी हातपाय धुतो, तो अहवाल काढतो आणि त्यांना त्या तीन ओळी वाचून दाखवतो. सुरुवातीला मी संकोचाने नाव गाळून पुढे जात असे. ते लगेच म्हणत, "काय तरी गाळलासा." आता मी गाळत नाही. नाव आलं की ते मान जरा तिरकी करून ऐकतात, दाराकडे तोंड वळवतात आणि म्हणतात, "परत वाचा."

मी परत वाचतो.